माझ्या दुधात गोळी नको

मी एक म्हातारी शेळी आहे आणि मला एका गोळीचा हेवा वाटतो.

मित्रांनो, हसू नका. हेवा करायचा तर आपल्या जोडीच्या कोणाचा तरी करावा, एवढं मलाही कळतं. पोळ्याला बैलांना पुरणपोळी मिळते आणि मला नुसता वास मिळतो, तरी मी कधी तक्रार केली नाही. शेजारच्या म्हशीचं दूध डेअरीत जातं, त्याचंही मला काही वाटलं नाही. पण ही गोळी! तिला शिंगं नाहीत, शेपूट नाही, आवाज नाही. भुईमुगाच्या दाण्याएवढी ती. चारा खात नाही की लेंड्या टाकत नाही. आणि एवढीशी ही बया आमच्या घरात आली आणि थेट देव्हाऱ्यात जाऊन बसली. मी इतकी वर्षं दूध दिलं, मला कोणी उंबरठासुद्धा ओलांडू दिला नाही. आता तुम्हीच सांगा, जळणार नाही तर काय करणार?

माझा जन्म शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर झाला. मी आणि माझा भाऊ असे आम्ही जुळे होतो. तो आधी उभा राहिला आणि आधी दुधाला लागला, तेव्हाच मला पहिल्यांदा पोटात आग झाल्यासारखं वाटलं. मोठी झाल्यावर मला बाजारात आणलं. तिथे उखर्डू आबांनी माझे कान धरून पाहिले, दात पाहिले आणि मला घेतलं. एसटीत त्यांनी मला पायाशी उभं केलं. कंडक्टर म्हणाला, "आबा, बकरीचं तिकीट काढा." आबा म्हणाले, "उभीच शे ती भाऊ, जागा कोठे ली राहिनी?" सगळी एसटी हसली. मी मात्र खिडकीजवळ बसलेल्या बाईकडे बघत होते. तिला वारा लागत होता.

अमळनेरच्या अलीकडे, बोरी नदीच्या काठी आबांचं गाव. घरात आबा, त्यांची बायको सुगंधाबाई, मुलगा योगराज आणि योगराजची मुलगी डिंपल. डिंपलची आई ती लहान असतानाच वारली होती. मी आले तेव्हा डिंपल शाळेत जात होती. शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि माझ्या गळ्यात हात टाकायची. मला बोराची पानं आवडतात हे तिने स्वतःहून ओळखलं. तेल्याकडचा एक जुना पत्र्याचा डबा आडवा कापून योगराजने माझी गव्हाण केली, तिच्यावर डिंपलने खडूने स्वतःचं नाव लिहिलं. गव्हाण माझी आणि नाव तिचं. तेवढं मी चालवून घेतलं.

मग आबांना खोकला लागला. अंगात बारीक ताप राहायचा, माणूस वाळत चालला. डॉक्टरांनी क्षय सांगितला. आमच्याकडे जुनी माणसं म्हणतात की क्षयाच्या माणसाने शेळ्यांत राहावं, शेळ्यांत निजावं आणि शेळीचं दूध प्यावं. सुगंधाबाईने आबांची बाज माझ्या खुंट्याशेजारी आणून टाकली. सकाळ-संध्याकाळ माझी धार काढून आबांच्या हातात पेला द्यायची. आबा पेला संपवायचे आणि माझ्या पाठीवरून हात फिरवायचे. सरकारी दवाखान्यातल्या कसल्याशा गोळ्याही ते रोज न चुकता घेत, पण त्या गोळ्यांकडे मी कधी लक्ष दिलं नाही. दुधामागून घोटभर पाण्याबरोबर जाणारी वस्तू, तिची काय एवढी मातब्बरी!

आबा बरे झाले. चांगले शेतात जाऊन कपाशी वेचू लागले. सुगंधाबाई गावभर सांगत सुटली, "या बकरीनीच आबाले उठाडं."

मित्रांनो, ते माझे दिवस होते. गावात कोणी खोकलं की त्याच्या घरचं माणूस आमच्या दारात यायचं. सुगंधाबाईने माझ्या गळ्यात घुंगरू बांधलं. सणासुदीला माझ्या कपाळाला हळदकुंकू लावायची आणि "मन्ही लक्ष्मी" म्हणायची. गायीला मान असतो तो जातीचा. मला मिळाला तो मी कमावला होता. पुढे आबा म्हातारपणाने गेले, पण जाईपर्यंत त्यांना पुन्हा खोकला आला नाही. माझं नाव टिकलं.

डिंपल मोठी झाली आणि अमळनेरच्या कॉलेजात जाऊ लागली. पास-नापास, पहिला नंबर, दुसरा नंबर हे शब्द मी तिच्याच तोंडून शिकले. परीक्षा जवळ आली की ती गोठ्यात फेऱ्या मारत पाठ करायची आणि मी रवंथ करत ऐकायचे. एके दिवशी पाठ करता करता तिला खोकला आला आणि थांबेचना.

मला काळजी वाटली नाही. खरं सांगायचं तर मी कान टवकारले. मनात म्हटलं, आता पुन्हा माझी बाज, माझा पेला, माझं नाव.

पण या वेळी तसं झालं नाही. डिंपलला आधी त्याच जुन्या गोळ्या दिल्या. त्यांचा गुण येईना. मग धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे कळलं की तिच्या छातीतले जंतू फार चिवट आहेत, नेहमीच्या औषधांना ते दाद देत नाहीत. एक नवं औषध निघालं आहे, ते अजून तपासून पाहताहेत. डिंपलची आणि घरच्यांची राजीखुशी असेल तर तिला ते देता येईल. डिंपल हो म्हणाली.

अशी ती गोळी आमच्या घरी आली. तिला घेऊन मयुरी नावाची नर्स आली, अगदी नवरीमागे करवली यावी तशी. तोंडाला मास्क, खांद्याला पिशवी, पायात बूट. अंगणात खुर्ची टाकून बसली. योगराजच्या कपाळावर आठ्या होत्या. तो म्हणाला, "ताई, खरं सांगा. मन्ही पोरवर प्रयोग करी राहिनात का तुम्ही?"

मयुरी रागावली नाही. ती म्हणाली, "भाऊ, विचारलंत ते बरं केलं. ही गोळी एकदम डिंपलपाशी आलेली नाही. आधी कितीतरी वर्षं प्रयोगशाळेत काचेच्या नळ्यांत जंतूंवर चालवून पाहिली. मग उंदरांवर. मग धडधाकट माणसांनी ती घेऊन पाहिली. मग थोड्या पेशंटांनी. आता जरा जास्त पेशंटांना देऊन बघतोय, जुन्या औषधांपेक्षा बरी ठरते का, आणि त्रास किती होतो. डिंपलला नको वाटलं तर ती कधीही नाही म्हणू शकते."

मी मात्र एका शब्दावर अडकले होते. उंदरांवर! क्षयाच्या औषधासाठी उंदरांना बोलावलं? जे कणगीमागे लपतात आणि माझ्या पेंडीत तोंड घालतात, त्यांना? शेळीला कोणी विचारलं नाही? त्या दिवशी संध्याकाळी एक उंदीर गोठ्यात आला, तेव्हा मी त्याच्यावर अशी शिंगं रोखली की बिचारा भिंतीवरून परत गेला.

पुढे जे सुरू झालं ते मी काय सांगू! सुगंधाबाईने गोळ्यांचा डबा देव्हाऱ्यात ठेवला. नवं औषध म्हणून त्याला हळदकुंकू लावलं. गोळी भरल्या पोटी घ्यायची म्हणून सगळ्या घराचा स्वयंपाक तिच्या वेळेवर होऊ लागला. डिंपलसाठी अंडी आली, शेंगदाण्याचे लाडू आले. गोळीने हृदयाला त्रास होत नाही ना हे बघायला धुळ्याला नेऊन तिच्या छातीला चिमटे लावत आणि कागदावर रेघा काढत. बाज गोठ्यात आणायची नाही, तिला मोकळ्या हवेत ओसरीवर निजवा, असं मयुरीने बजावलं. आणि माझं दूध? "द्या की, पण उकळून द्या." बस्स, एवढंच. जणू मी कोणी वाटेवरची.

गोळी गिळवायची जबाबदारी सुगंधाबाईची होती. मयुरी आठवड्याला येऊन रिकामी पाकिटं बघायची. सुरुवातीला सगळं नीट चाललं. पहिल्याच तपासणीत जंतू कमी झालेले दिसले, आणि घरात गोळीचं कौतुक उतू गेलं. मी त्या दिवशी धार द्यायलाच तयार नव्हते.

मग डिंपलला उलट्या सुरू झाल्या. गोळी पोटात गेली की तोंडाला धातूसारखी चव यायची आणि थोड्या वेळाने जेवणासकट सगळं बाहेर. पायांना मुंग्या यायच्या. ती ओसरीच्या खांबाला डोकं टेकून रडायची. एका सकाळी ती गोळी हातात धरून नुसती बघत बसली.

"आजी, माले आते नही जमाव. घसामाईन उतरसच नही."

सुगंधाबाई तिच्या पाठीवर हात फिरवत बसली. मग तिची नजर माझ्याकडे वळली.

"डिंपल," ती हळूच म्हणाली, "तू न्हानी व्हती तवय तुले ताप उना. डॉक्टरनी गोळी तुले नही दिन्ही, तुना मायले दिन्ही. माय खाये आनि तुले दूधमाईन लागे. मंग बकरीना दूधमा काबर नही लागी?"

"पन आजी, मयुरीताईले सांगूत ना, उलटी व्हस म्हनीसन."

"आनि तिनी गोळी बंद करी टाकी ते? दुसरं औषध शे का तुले? कोनले सांगू नको. तुना बापले भी नही."

डिंपल थकली होती. ती हो म्हणाली.

तुम्ही सुगंधाबाईला वेडी म्हणू नका. खोकल्याला अडुळसा हवा असला की आमच्या गावात तो शेळीला चारतात आणि दूध पोराला पाजतात. आईने खाल्लेलं बाळाला लागतं, हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. सुगंधाबाईने दोन खऱ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांतून तिसरी काढली. ती माझ्याकडे आली, बाजरीच्या भाकरीच्या तुकड्यात गूळ घातला, गुळात गोळी खुपसली आणि माझ्या तोंडाशी धरली.

"खाय माय, खाय. आबाले बरं करं, आते मन्ही डिंपलले कर."

क्षणभर मला आनंदाने भरून आलं. शेवटी माझ्याचकडे आले! पण भाकरी तोंडात घोळवता घोळवता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डिंपल बरी झाली की लोक काय म्हणणार? गोळीने बरी झाली म्हणणार. मग मी कोण? मी नुसता पेला! दूध माझं, कास माझी, चारा खाऊन रक्त आटवायचं मी, आणि आत बसून नाव मिळवणार ती. नाही, माझ्या दुधात ती गोळी मी बसू देणार नव्हते.

शेळीची जीभ तुम्हाला माहीत नाही. बाभळीच्या काट्यांतून मी पाला वेचते आणि काटा ओठाला लागू देत नाही. मी भाकरी खाल्ली, गूळ चाटला आणि गोळी गालात धरून ठेवली. सुगंधाबाई पाठमोरी झाली तशी ती गव्हाणीच्या मागे, पत्रा आणि भिंत यांच्या फटीत टाकून दिली. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. आणि मग रोजच. रिकामी पाकिटं मयुरीला दिसत होती, दूध डिंपलला मिळत होतं आणि गोळी मातीत पडत होती. मी खुशीत होते. आता दिसेल म्हटलं, पोरगी कोणाच्या दुधाने बरी होते ते.

उलट्या थांबल्या. डिंपल चार दिवस हसली. सुगंधाबाई माझ्या कपाळाला पुन्हा कुंकू लावू लागली.

पण खोकला परत आला. आधी हळू, मग तसाच पहिल्यासारखा. दुपारच्या उन्हातही डिंपल स्वेटर घालून बसायची. मला पाणी पाजायला आली की दावं तिच्या हातातून सुटायचं. मी जरा ओढलं की तीच माझ्यामागे फरफटत यायची. मी दूध चोरत नव्हते, मित्रांनो. शेवटच्या थेंबापर्यंत देत होते. बोरीचा पाला मिळाला तर जास्त खात होते, की दूध वाढेल. आबांना लागलं ते हिला का लागत नाही, हे मला काही केल्या समजेना.

आणि मग मयुरी आली. या वेळी तिने खुर्ची मागितली नाही, उभ्यानेच बोलली. योगराज शेतातून नुकताच आला होता. सुगंधाबाई धान्य पाखडत होती. डिंपल बाजेवर होती.

"भाऊ, तपासणीत जंतू परत वाढलेत. गोळ्या तर रोज चालू आहेत. म्हणजे डिंपलच्या अंगात हे औषध चालत नाही असं दिसतंय. डॉक्टरांनी उद्या धुळ्याला बोलावलंय. औषध बंद करायचा विचार आहे."

गोळी नापास झाली! मी इतकी खूश झाले की जागच्या जागी उडी मारली. देव्हाऱ्यातून खाली उतर म्हणावं आता!

योगराजने विचारलं, "मंग दुसरं काय देशात?"

मयुरीने मास्क नीट केला. मग म्हणाली, "बघू. डॉक्टर सांगतील." पण ती खाली मातीकडे बघून हे बोलली.

डिंपल बाजेवरून उठून बसली. तिने कोणाकडेही न बघता विचारलं, "मंग मी मरसू का?"

सुगंधाबाईच्या हातातलं सूप थांबलं. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत मी अशी भीती कधी पाहिली नव्हती, आबांच्या वेळीही नाही.

मित्रांनो, मी गोळीवर जळत होते, डिंपलवर नाही. डिंपल माझी होती. ती गेली असती तर गोळी हरली म्हणून मी कोणाला सांगणार होते? त्या रिकाम्या बाजेला? मला त्या क्षणी कुठलं शहाणपण सुचलं नाही. मला फक्त राग आला. माझा, गोळीचा, सगळ्यांचा. मी डोकं खाली घातलं आणि गव्हाणीला सगळा जोर लावून धडक दिली. पत्र्याचा डबा उलटा होऊन अंगणात घरंगळला. मागची फट उघडी पडली आणि गोळ्या दिसल्या. काही मातीत रुतलेल्या, काही ओलीने विरघळलेल्या, काहींवर माझ्या दातांच्या खुणा.

मयुरी खाली बसली. एक गोळी उचलून तिने तळहातावर घेतली.

"हे काय?"

सुगंधाबाईने तोंडाला पदर लावला. योगराज फटीपाशी वाकला. मग तो म्हणाला, "माय, हाई काय करी बठनी तू?"

"पोर उलट्या करी करी सुकाई गई व्हती," सुगंधाबाई रडत म्हणाली. "मी काय देखत बसू? म्हनीसन बकरीले दिन्ही. दूधमाईन लागी म्हनं. आनि या रांडनी ती भी खादी नही!"

मला शिवी दिली, पण त्या वेळी मी मनावर घेतली नाही.

डिंपल म्हणाली, "ताई, आजीले बोलू नका. मीच हो म्हटलं होतं."

मला वाटलं मयुरी आता ओरडेल. पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती चक्क हसत होती. "म्हणजे गोळी हरली नाही," ती म्हणाली, "ती डिंपलच्या पोटातच गेली नाही! अक्का, उलट्या होतात हे मला का नाही सांगितलंत?"

"सांगं असतं ते तू गोळी बंद करी टाकती, व माय."

"नाही हो अक्का. औषध नवं आहे, कोणाला काय त्रास होतो तेच तर आम्ही शिकतोय. उलटीवर उपाय आहे, मुंग्यांवर आहे. पण लपवलंत तर काय होतं, बघा. आम्ही लिहिलं असतं की रोज घेऊनही गुण आला नाही. असं दोन-चार घरांत झालं तर चांगलं औषधही मागे पडतं. मग डिंपलसारखी दुसरी कोणी आली की तिच्यासाठी काहीच उरत नाही. आणि दुधातून औषध उतरलं तरी इवलंसं उतरतं. तेवढ्याने जंतू मरत नाहीत, उलट शिकून चिवट होतात."

ती माझ्याकडे वळली. "हिने गिळल्या असत्या ना, तर आपल्याला कधी कळलंच नसतं."

हे वाक्य तुम्ही नीट ऐका, कारण गावात ते कोणी सांगत नाही. माझ्या हेव्यामुळे गोळ्या फटीत राहिल्या. मी गुणी शेळी असते, मुकाट्याने गिळणारी, तर पोरगी गेली असती आणि गोळीही.

दुसऱ्या दिवशी सगळे धुळ्याला गेले आणि डॉक्टरांना जे घडलं ते सगळं सांगितलं. जंतू गोळीपुढे अजून टिकत नाहीत ना हे त्यांनी तपासलं, तेव्हा घरचे चार दिवस धड जेवले नाहीत. नशीब बरं होतं, जंतू अजून गोळीला दबत होते. उलटी थांबवायचं औषध आधी, मग जेवण, मग गोळी, असं पुन्हा सुरू झालं. डिंपल रोज आजीसमोर गोळी गिळायची आणि तोंड उघडून दाखवायची. त्रास होई तेव्हा मयुरीला फोन करून सांगायची, कधी कधी तर रागाने सांगायची. मयुरी ऐकून घ्यायची.

हळूहळू खोकला गेला. ओसरीवरचा स्वेटर पेटीत गेला. परवा डिंपल मला नदीकडे चारायला घेऊन निघाली. मी मुद्दाम अडून बसले. तिने एका हाताने असं दावं ओढलं की मला निमूट जावं लागलं. तेव्हा मला कळलं की ती बरी झाली.

गावात आता माझं नाव कोणी घेत नाही. "नवी गोळी लागू पडली" म्हणतात. माझ्याकडे कोणी पेला घेऊन येत नाही. सुगंधाबाई धार काढताना माझ्याशी बोलते, पण "रोज गोळी घेनारी पोर" म्हणून कौतुक डिंपलचं करते. मी ऐकते आणि जळते.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणाला असं लांबलचक औषध चालू असेल, तर त्याला नुसतं "घेतलीस का?" असं विचारू नका. "घेतल्यावर काय होतं?" असंही विचारा. उलटी होत असेल, चव जात असेल, रडू येत असेल, तर दवाखान्यात जाऊन सांगा. तिथे रागावले तरी सांगा. आणि ज्याची गोळी त्यानेच गिळायची. आम्हा शेळ्यांना चारा पुष्कळ आहे.

मयुरी परवा सांगत होती की गोळीचा निकाल अजून लागलेला नाही. जळगावला, मुंबईला आणि आणखी कुठे कुठे कितीतरी लोक ती घेताहेत. त्या सगळ्यांचं एकत्र बघून मग ठरेल, ती पास की नापास. डिंपलने विचारलं, "आणि नापास झाली तर?" मयुरी म्हणाली, "तर पुन्हा पहिल्यापासून. दुसरी गोळी."

मी तेव्हापासून रोज मनातल्या मनात एकच मागणं मागते, आणि मागताना माझे दात करकर वाजतात. देवा, ती मेली गोळी पास होऊ दे.